सतरा नंबरची ट्यूब

"उपाशी आलात?" काउंटरवरच्या मुलीने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं. मी हो म्हटलं, थोड्या तोऱ्यातच, कारण आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. "मग आत्ता रक्त नाही. खाली जा, जेवा, नीट पोट भरून, आणि घड्याळ लावून दोन तासांनी या. लाजून दोन घास खाऊन येऊ नका, मला कळतं ते." मी काउंटरची कड धरली. वाक्य आईचं होतं. शब्द तर तिचे होतेच, पण 'पोट भरून'वरचा तो दाब, आणि शेवटची ती धमकी, जी देताना आईच्या डाव्या गालाला खळी पडायची. या मुलीच्या गालाला काही पडलं नाही. तिने फॉर्म परत सरकवला आणि माझ्यामागच्या म्हाताऱ्याला हाक मारली. आई जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत लोकांनी मला तिच्याबद्दल पुष्कळ सांगितलं, आणि ते सगळं मी भिंतीला टेकून ऐकावं तसं ऐकलं. पण तिचं वाक्य असं, तिच्यावाचून, नोकरीवर हजर असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी ओळख दिली नाही. फॉर्मवरचं आडनाव वेगळं, आणि चेहऱ्याने मी बाबांवर गेलेली.

तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये दोन अंडी, चार पाव आणि चहा घेऊन मी खिडकीशी बसले. पाच आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी साखर दोनशे सत्तर निघाली. वय एकोणचाळीस, वजन आधीच कमी आणि त्यातूनही उतरत चाललेलं. घराजवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पूर्ण उलटलासुद्धा नाही. "आईंना डायबेटीस होताच ना? मग झालं तर. गोड बंद, चालणं सुरू, ही गोळी सकाळ-संध्याकाळ." मी म्हटलं, आईला गोळीचा उपयोग नव्हता. ते हसले, "प्रत्येक पेशंटला असंच वाटतं हो." मी गोळ्या घेऊन बाहेर पडले आणि फाइल उचलून इथे आले, या इस्पितळात, जिथे आईने एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. ढोबळमानाने या आजाराच्या दोन जाती. एकीत शरीर इन्सुलिन बनवतं पण ते पुरं पडत नाही, तिथे गोळ्या चालतात. दुसरीत शरीराचे राखणदारच घरात चोर शिरल्यासारखे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कारखाना हळूहळू बंद होतो, आणि मग इंजेक्शनला पर्याय नाही. ही दुसरी जात पोरासोरांची, असं लोक समजतात. पुष्कळ वर्षं डॉक्टरही समजत. इथल्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात जनुकांसाठी एक ट्यूब घेतली. आपल्या जनुकांत ठिकठिकाणी जे बारीकसारीक फरक असतात, त्यातला कुठला धोका वाढवतो, कुठला कमी करतो, याची बेरीज करून ते एक आकडा काढतात. त्याला गुणांक म्हणतात. माझा गुणांक वरच्या टोकाला निघाला. आजची ट्यूब दुसऱ्या प्रश्नासाठी होती: माझं शरीर स्वतःचं इन्सुलिन आज, या घटकेला, किती बनवतंय. भरपूर बनवत असेल तर गोळ्या, नाहीतर आयुष्यभर सुई. निकाल चार वाजता मिळणार होता.

अंडं सोलताना मी माझ्या बोटांकडे पाहत होते. आईची बोटं कधी चुकत नसत. ती अंगठ्याने कोपराच्या आतल्या बाजूला दोनदा चाचपायची, डोळे मिटून, जणू भिंतीपलीकडचं बोलणं ऐकते आहे, आणि मग सुई गेलेली कळायचीही नाही. बसमध्ये, लग्नात, कुणाच्या समाचाराला गेली असताना तिची नजर लोकांच्या कोपरांवर. "लोक तोंडं बघतात, ही शिरा बघते," बाबा म्हणायचे. "मला पसंत केलं तेही हात बघूनच." त्यावर ती म्हणायची, "तुमची शीर चांगलीच आहे. डोक्यात जाते तेवढी सोडून." मी पाच वर्षांची असताना ती नोकरीला लागली. पहाटेची पाळी असेल तेव्हा मला उठवायला नसायची, पण उशीवर स्पिरिटचा पुसट वास राहायचा, आणि पुढे बरीच वर्षं मला स्वच्छतेचा वास म्हणजे आईचाच वास वाटे. प्रयोगशाळेत त्या वेळी एक रीत होती. नवं मशीन आलं, नवी रसायनं आली, की ती बरोबर चालतात का हे पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागे. ते कुठून आणणार? मग तिथलेच लोक बाह्या वर करत. आई नेहमी पहिली. संध्याकाळी घरी येऊन सांगायची, "आज नव्या मशीनला शिकवून आले, नॉर्मल म्हणजे काय ते." भांडण झालं की बाबांना ऐकवायची, "या घरात एकच माणूस नॉर्मल आहे, आणि तसं लेखी आहे." मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या आईला बघून मशीन शिकतं. कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून मी एकीशी झोंबाझोंबीही केली होती. पण ते खरं होतं.

पुढे इस्पितळात एक संशोधक डॉक्टर आली. नाव अवघड, म्हणून सगळे तिला गुणांकवाली म्हणत. तिचं म्हणणं असं की डायबेटीसची जात वयावरून आणि अंगलटीवरून ओळखणं म्हणजे पुस्तकाचं पुठ्ठ्यावरून परीक्षण लिहिणं. जनुकांची बेरीज हाताशी ठेवा, मग कोणाचं इन्सुलिन आटणार याचा अंदाज आधी येईल. ही बेरीज रुग्णांत किती आणि निरोग्यांत किती हे पाहायला तिला निरोगी माणसं हवी होती. पुन्हा बाह्या वर झाल्या. ट्यूबवर नावं नाहीत, नुसते नंबर. नंबर कोणाचा हे लिहिलेली वही कुलपात. आईचा नंबर सतरा. तिच्या स्वतःच्याच हाताने चिकटवलेलं लेबल. त्या ट्यूबा शीतपेटीत गेल्या आणि कामाच्या रगाड्यात विसरल्या गेल्या. त्यानंतर आई आजारी पडली. एक्कावन्न वर्षांची असेल. तहान, थकवा, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकाव्यात इतकी रोड. जिच्या रक्ताने मशीनं जुळवली, तिचं रक्त त्याच मशीनमध्ये घातलं तर साखर तीनशेच्या वर. ती ज्यांच्याबरोबर वीस वर्षं काम करत होती त्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली: "वय झालं, बाई. आता तुम्हीही आमच्या पेशंटांत." गोळ्या सुरू झाल्या. एक, मग दोन, मग तीन प्रकारच्या. साखर हलेना.

आता जे लिहायचं आहे ते मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. साखर हलत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, आणि सगळ्यांत आधी तो मी काढला. आई चोरून खाते. मी सत्तावीस-अठ्ठावीसची, नुकती कमावती, जगातली अर्धी पुस्तकं वाचून झाल्यासारखी वागणारी. आजारी माणूस स्वतःशी कसं खोटं बोलतो यावर मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते मला घरात वापरून बघायचं होतं. मी तिची पर्स तपासली. तळाशी ग्लुकोजच्या बिस्किटांचा अर्धा पुडा सापडला. तो मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिच्या ताटाशेजारी ठेवला. नुसता ठेवला. बाबा पाणी प्यायचे थांबले. आईने पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "बरं." एवढंच. पुडा उचलून पर्समध्ये परत ठेवला आणि जेवायला लागली. नंतरच्या दिवसांत ती कमी खाऊ लागली, इतकं कमी की बाबा चिडायचे, "अगं, पाखरं जास्त खातात." मला मात्र वाटलं, पकडली गेली म्हणून सुधारली. रक्त काढताना चक्कर येणाऱ्या लोकांसाठी ती बिस्किटं बाळगायची, हे मला तीन वर्षांनी कळलं, तेही तिच्याकडून नाही. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "सांगून काय होणार होतं? रोज मशीन माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. तुझ्या जागी मी असते तर मीही मशीनचंच ऐकलं असतं." मग घडी केलेला टॉवेल माझ्या हातात देत, "पण पुडा ताटाशेजारी नसता ठेवला. हातात दिला असता."

कॅन्टीनमधल्या घड्याळात पंचेचाळीस मिनिटं झाली होती. समोरच्या टेबलावर दोन डॉक्टर हातवारे करत कुणाच्यातरी बढतीवरून कुजबुजत होते. मी उरलेला पाव चहात बुडवला. पोट भरून म्हणजे पोट भरून.

सतरा नंबरच्या ट्यूबचा छडा लागला त्या दिवशी काय घडलं ते मला गुणांकवालीने स्वतः सांगितलं, आईच्या निरोप समारंभात, कागदी ताटली हातात धरून. शीतपेटीतल्या निरोग्यांच्या ट्यूबा अखेर तपासून झाल्या होत्या. ती आलेख घेऊन प्रयोगशाळेत आली. निरोग्यांचे ठिपके खाली दाटीवाटीने बसलेले, आणि एकच ठिपका वर, रुग्णांच्या घोळक्यात, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा. ती तिथल्या मुख्य तंत्रज्ञाला म्हणाली, "हा सतरा काढून टाकूया. कुणा पेशंटची ट्यूब इकडे आली असणार. लेबलाची चूक." आई मागून ट्रे घेऊन चालली होती. ती थांबली. ट्रे टेबलावर ठेवला. "लेबलाची चूक नाही," ती म्हणाली. "ती लेबलं मी लावलीत. माझ्या हातून ट्यूब बदलत नाही." गुणांकवाली समजुतीच्या स्वरात म्हणाली, "अहो, बाई, चूक कोणाकडूनही होते. हा गुणांक निरोगी माणसाचा वाटत नाही, इतकंच." त्यावर आई म्हणाली, "मी कुठे म्हणते निरोगी माणसाचा आहे? सतरा नंबर मी आहे. तेव्हा होते निरोगी. आता तीन वर्षं गोळ्या खातेय आणि घरात चोर ठरलेय." गुणांकवाली मला म्हणाली, "मग मी सतरा काढून टाकला नाही. आणि तुला सांगते, तुझ्या आईने आधी लेबल आरोपातून सोडवलं, मग स्वतःला." मी हे किती वेळा मनात घोळवलं असेल. तीन वर्षांच्या आजाराचं उत्तर समोरच्या कागदावर ठिपका होऊन बसलेलं, आणि ही बाई आधी आपल्या कामाची बाजू मांडते. तिच्या जागी मी रडले असते, किंवा ओरडले असते, आणि दोन्हींत माझा मुद्दा बुडाला असता.

गुणांकाने निदान झालं असं मात्र नाही, आणि हे आई सगळ्यांना निक्षून सांगायची. "आभाळ आलंय इतकंच सांगतो तो आकडा. पाऊस पडतोय की नाही हे हात बाहेर काढून बघावं लागतं." हात बाहेर काढणं म्हणजे ही आजची तपासणी. आणि तिथे तिने तिच्या आयुष्यातली एकमेव चूक केली, जी फक्त तिच्यासारख्या बाईच्याच हातून व्हावी. पंचवीसएक वर्षं लोकांना 'उपाशी या, उपाशी या' म्हणून बजावणारी बाई सवयीने स्वतःही उपाशी आली, आणि हे ठाऊक असून आज मीही तशीच आले होते. निकाल जवळजवळ शून्य. सगळे हळहळले, आणि गुणांकवालीने कागद बाजूला ठेवला: "याचा अर्थ लावता येत नाही. रिकाम्या पोटी शरीर इन्सुलिन तसंही कमीच सोडतं. कारखाना बंद आहे की नुसती सुट्टी आहे, कसं कळणार? जेवून या." आई संतापली, स्वतःवर. घरी आली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या सगळ्यांच्या देखत पोट भरून जेवली. मी वाढत होते. तिने एकदाही नको म्हटलं नाही, आणि मी एकदाही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीचा निकालही जवळजवळ शून्यच होता, पण आता तो खरा होता. त्या संध्याकाळी तिला पहिलं इन्सुलिन मिळालं. पंधरा दिवसांत तिच्या गालावर खळी परत आली.

इतक्यावर ती गप्प बसती तर ती माझी आई नव्हती. ती डॉक्टरांच्या एकेका खोलीत गेली. ज्याने पाठीवर थाप मारली होती त्याच्याकडे सर्वांत आधी. "गोळ्यांनी ज्यांची साखर हलत नाही, ते सगळे चोरून खातात असं तुमचं मत असेल तर मला लिहून द्या. नाहीतर त्यांची ही तपासणी लिहा." तो म्हणाला, "बाई, तुम्ही आता मला शिकवणार?" ती म्हणाली, "मशीनला शिकवलं, डॉक्टर. तुम्ही तर शिकलेले." हा किस्सा बाबा अजून सांगतात, आणि दर वेळी डॉक्टरला थोडं आणखी बुटकं करतात. मग असे लोक यायला लागले. एक बस ड्रायव्हर, ज्याची बायको त्याच्या खिशांचा वास घ्यायची. एक शिक्षिका, जिने साखरेच्या भीतीने दोन वर्षं कुणाच्या घरी पाणीही प्यायलं नव्हतं. सगळ्यांचं इन्सुलिन आटलेलं निघालं असं नाही. पुष्कळांचं भरपूर होतं, त्यांना गोळ्याच बऱ्या. पण कुणीतरी विचारलं तर होतं. एका संध्याकाळी आई म्हणाली, "आज ड्रायव्हरची बायको माझ्यापाशी रडली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, माझी पोरगी तुझ्याहून कडक होती." मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि ती हसत होती. तिने मला माफ केलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तिने माझी गोष्ट विनोदात घालून लोकांना वाटून टाकली होती. बहुधा तेच उत्तर असेल.

निवृत्तीनंतर तिने मला एकदाच विचारलं होतं, माझा गुणांक काढायचा का. मी म्हटलं, "नको. मला तो आकडा घेऊन जगायचं नाही." वादासाठी मी तयारी करून बसले होते. अज्ञानाच्या हक्काविषयी माझ्याकडे चांगली चार वाक्यं होती. तिने वाद घातलाच नाही. "बरं. हात पुढे न केलेल्या माणसाचं रक्त मी काढत नाही." पुन्हा तो विषय नाही. नंतर तिचं हृदय एका सकाळी, चहाचा कप खाली ठेवताना, थांबलं. कप सांडला नव्हता, असं बाबा सगळ्यांना सांगतात, जसं काही ते तिचंच कसब.

दोन तास झाले तेव्हा मी वर गेले. मुलीने घड्याळ पाहिलं, मान हलवली, मला खुर्चीत बसवलं. पट्टा बांधला, आणि अंगठ्याने कोपराच्या आत दोनदा चाचपलं, डोळे मिटून. "जेवलात ना, ताई?" "चार पाव. दोन अंडी." "शाब्बास. पुष्कळ जण खोटं बोलतात." सुई गेलेली मला कळली, जराशी. ती अजून नवी आहे. मी विचारलं, "हे जेवून यायचं कोणी शिकवलं तुम्हाला?" "आमच्या आधीच्या बाई होत्या, त्यांचा नियम. मी त्यांना पाहिलं नाही. मी आले तेव्हा त्या निवृत्त झालेल्या. पण इथे सगळं त्यांचंच चालतं. लेबल तिरकं लागलं तरी सिनियर ओरडतात, बाईंनी बघितलं असतं तर." तिने ट्यूब भरली, तिथेच, माझ्यासमोर लेबल लावलं, आणि माझ्याकडून नाव वाचून घेतलं. "बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." त्या बाई माझ्या कोण, हे जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. नात्यागोत्याशिवाय, ओळखीपाळखीशिवाय, नुसत्या कामाच्या वळणाने जी बाई या मुलीपर्यंत पोहोचली होती, तिला मी माझ्या नात्यात ओढून लहान केलं नसतं का? कापूस दाबून मी उठले तेव्हा माझी मान ताठ होती, आणि ते माझ्या लक्षात आलं.

चार वाजता डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. माझं शरीर अजून इन्सुलिन बनवत होतं, पण जेवढं बनवायला हवं त्याच्या जेमतेम एक चतुर्थांश. गुणांक वर, इन्सुलिन उताराला. "गोळ्या बंद. आजपासून थोड्या मात्रेने इन्सुलिन. जे शिल्लक आहे ते जितके दिवस टिकेल तितकं बरं," ते म्हणाले. "लवकर आलात." मी विचारलं, किती दिवस टिकेल. डॉक्टर म्हणाले, हे कोणताच आकडा सांगत नाही. नर्सने इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, मात्रा कशी फिरवायची, पोटाची चिमूट कशी घ्यायची ते दाखवलं. चिमूट घेतली, सुई टेकवली, आणि क्षणभर सगळं पुढचं आयुष्य त्या टोकाशी येऊन थांबल्यासारखं वाटलं: प्रत्येक जेवण, प्रत्येक प्रवास. मग मी दाबलं. दहापर्यंत मोजलं. दुखलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर येऊन बाबांना फोन लावला. ते केस कापायला बसले होते, मागे कात्रीचा आवाज येत होता. "काय निघालं?" मी म्हटलं, "आईचंच. इन्सुलिन सुरू केलं." कात्री चालत राहिली. मला वाटलं, आता मी यांना दुसऱ्यांदा तेच बघायला लावणार. मग त्यांनी विचारलं, "साखर दिसल्यापासून किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"तिला तीन वर्षं लागली होती," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"पाच आठवडे," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. ते न्हाव्याशी बोलत होते, फोन बंद करायचं विसरून, जरा मोठ्यानेच, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या मुलीचा आजार पाच आठवड्यांत धरला. अहो, लोकांना वर्षं लागतात." न्हाव्याने काहीतरी विचारलं, बहुधा डॉक्टर कोण. "डॉक्टर कसला?" बाबा म्हणाले. "आमच्या हिने धरला." आणि न्हाव्याने पुन्हा काही विचारलं असावं, कारण कात्री थांबली. "नाही हो, ती गेली. चार महिने झाले. तरीपण."